मशीन आमचं, मग मर्जी कोणाची?

प्रश्न थोडक्यात: तालुक्याच्या गावात नवरा-बायको मिळून डीटीपी आणि छपाईचं दुकान चालवतात. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, जोडीला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. मागच्या लग्नसराईत एका रात्री कॉम्प्युटर आपोआप अपडेट होऊन रीस्टार्ट झाला, उघडी ठेवलेली पत्रिका गेली आणि सकाळी मशीनला प्रिंटरच दिसेना. चारशे पत्रिका दुसऱ्या प्रेसमधून छापून द्याव्या लागल्या. त्यानंतर ताईंनी यूट्यूबवर बघून एक टूल टाकलं आणि सगळे अपडेट कायमचे बंद केले, फोनवरचे पण. आता पुण्याला नोकरी करणारा भाचा म्हणतो, मामी हा वेडेपणा आहे. नवरा म्हणतो, चाललंय ना नीट, मग हात लावू नका. सासऱ्यांची तक्रार वेगळीच, बँकेचं ॲप सारखं बदलतं आणि त्यांना त्यात काही सापडत नाही. ताई विचारतात, पैसे आम्ही मोजले, मशीन आमचं, मग ते कधी बंद पडायचं हे दुसऱ्याच कोणी का ठरवायचं? आणि आमच्या एवढ्याशा दुकानात चोरून नेण्यासारखं आहे तरी काय?

ताई,

लग्नपत्रिका हे उद्यावर ढकलायचं काम नाही हे तुम्हाला मी काय सांगणार. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची असते, मग कुलदैवताला, मग मामाकडे अक्षत घेऊन जायचं असतं, ती सगळी माणसं सकाळी दहाला तुमच्या काउंटरवर उभी आणि स्क्रीनवर नुसतं ते गोल गोल फिरणारं चक्र. तरी तुम्ही चारशे पत्रिका दुसरीकडून छापून वेळेत दिल्यात, पदरचे पैसे घातलेत, गिऱ्हाईक तोडलं नाहीत. असं झाल्यावर माणूस चिडून सगळंच बंद करून टाकतो, मी अशी बरीच माणसं बघितलीत, कारण सोळा वर्षं माझं कामच ते होतं, छोटी ऑफिसं, पतसंस्था, प्रेस यांची मशीनं सांभाळायची. म्हणून भाच्यासारखं वेडेपणा वगैरे मी म्हणणार नाही. फक्त तुम्ही नेमकं काय बंद केलंय ते जरा शांतपणे बघू.

अपडेट या एका नावाखाली कंपन्या आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी देतात. एक म्हणजे दुरुस्ती, सिस्टिममध्ये कुठेतरी भोक सापडलेलं असतं ते बुजवायचं. दुसरी म्हणजे बदल, नवीन रंग, नवीन मेनू, बटणं इकडची तिकडे, कोणी न मागितलेलं एखादं नवीन ॲप. नळ दुरुस्त करायला बोलावलेल्या माणसाने जाता जाता ओट्यावरचे डबेही हलवून ठेवावेत, मिठाच्या जागी हळद आणि हळदीच्या जागी साबुदाणा, असं चाललंय हे. आपल्याला राग येतो तो डब्यांचा, आणि तो यायलाच हवा. पण तुम्ही रागावून नळवाल्यालाच घरात यायचं बंद केलंत, आणि नळ तर गळतोच आहे.

तुमचा प्रिंटर त्या सकाळी का हरवला हे इथे बसून मला सांगता येणार नाही, पण दुरुस्तीनेही छपाई बंद पडते हे खरंय आणि त्याचं एक जाहीर उदाहरण आहे. २०२१ च्या जूनच्या शेवटी विंडोजमधल्या प्रिंट स्पूलरमध्ये, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा जो भाग असतो त्यात, मोठं भोक असल्याचं बाहेर आलं. प्रिंटनाइटमेअर असं नाव पडलं त्याला. त्या भोकातून बाहेरचा माणूस मशीनचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता, त्यामुळे मायक्रोसॉफ्टने ठरलेल्या दिवसाची वाट न बघता जुलैच्या पहिल्या आठवड्यातच दुरुस्ती सोडली. पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्यावर आणखी दुरुस्त्या आल्या आणि सप्टेंबरच्या दुरुस्तीनंतर नेटवर्कवर शेअर केलेले प्रिंटर ठिकठिकाणी चालेनासे झाले. आता यात चूक कोणाची म्हणायची? भोकही खरं होतं आणि सकाळी काउंटरवर अडकलेला माणूसही खरा होता. म्हणूनच 'अपडेट चांगला की वाईट' असा प्रश्न मी विचारतच नाही, मी विचारते तो कुठल्या दिवशी यावा आणि तो दिवस कोणी ठरवावा.

पण त्याआधी तुमचं ते वाक्य, चोरून नेण्यासारखं आहे तरी काय. ताई, आत्ता उठून दुकानातल्या मशीनचा डेस्कटॉप बघा. माझा अंदाज आहे की तिथे 'आधार नवीन', 'स्कॅन ००२३', 'पॅन काकू', कुणाचा सातबारा, कुणाच्या मुलीची मार्कशीट, बँक पासबुकाचं पहिलं पान असं पन्नास-शंभर फायलींचा पसारा पडलेला असेल, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तर विचारूच नका. व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडं असतं. शंभर ठिकाणी पेन ड्राइव्ह लावून आलेलं गिऱ्हाईक तोच तुमच्याकडे लावतं. मशीन तुमचं आहे हे शंभर टक्के मान्य, पण त्या मशीनवर पडलेले कागद गावाचे आहेत, आणि दार उघडं ठेवायचं की नाही हे ठरवताना त्यांना कोणी विचारलेलं नाही.

आणि आपल्याला वाटतं तसा चोर कोणी बसून दुकान निवडत नाही हो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा, फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस सुटला तेव्हा तो आपोआप एका मशीनवरून दुसऱ्यावर जात होता, समोर हॉस्पिटल आहे की किराणा दुकान हे त्याला कळतच नव्हतं, भोक दिसलं की आत. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांच्या वर मशीनं अडकली, इंग्लंडच्या सरकारी हॉस्पिटलांना अपॉइंटमेंट आणि ऑपरेशनं रद्द करावी लागली. त्यातलं जे मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की ते भोक बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चलाच आली होती. जवळजवळ दोन महिने आधी! हे दोन महिने लक्षात ठेवा, पुढे हिशोबाला लागतील.

आता जवळून बघितलेलं सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेचं काम बघत होते, नाव सांगत नाही. तिथे अपडेट बंद होते, कारण सॉफ्टवेअर देणाऱ्याने बजावून ठेवलं होतं की अपडेट केलंत तर आमचं सॉफ्टवेअर चालणार नाही, आणि मीही ते ऐकलं होतं. सोमवारी सकाळी क्लार्कने खतावणी उघडायला घेतली तर उघडेना. फोल्डर उघडलं तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे कसलीतरी अक्षरांची शेपटी लागलेली, आणि मधोमध एक इंग्रजी चिठ्ठी, पैसे भरा. बॅकअप होता, रोज घेतला जायचा, पण ती बाहेरची डिस्क कायम मशीनला लावलेलीच असायची, त्यामुळे तिच्यावरच्या फायलींनाही तीच शेपटी. मग काय, छापून ठेवलेली रोजकीर्द, पिग्मी एजंटांच्या पावत्यांची पुस्तकं आणि लोकांची पासबुकं यांच्यावरून एकेक खातं पुन्हा उभं करायला लागलो, एकोणीस दिवस लागले. बचत गटाच्या बायका पासबुक घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि क्लार्क त्यांच्याच पासबुकातली शिल्लक मोठ्याने वाचून रजिस्टरला लिहायचा. एका आजींचं पासबुक वर्षभर भरलेलंच नव्हतं. त्या मला म्हणाल्या, आता तुम्ही सांगाल तेवढे. ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तुमच्याकडे खाती नाहीत, पण बारा-पंधरा वर्षांच्या डिझाइनच्या फायली आहेत, मोठ्या मुलीची पत्रिका तुम्ही केली म्हणून धाकटीचीही तुमच्याकडे येते, तो सगळा धंदा त्या फायलींवर उभा आहे.

मग भाचा बरोबर आणि तुम्ही चूक, असं? नाही. नवरा म्हणतो ना चाललंय तर हात लावू नका, त्यातही तथ्य आहे, आणि 'अपडेट आला की लगेच टाका, कंपनीवर विश्वास ठेवा' असं सांगणाऱ्यांनी दोन तारखा आठवाव्यात. २७ जून २०१७, युक्रेनमध्ये हिशोबाचं एक सॉफ्टवेअर होतं, त्याच्या अपडेटमधूनच नॉटपेट्या नावाचं विष पसरलं. ज्यांनी शहाण्यासारखा अपडेट घेतला त्यांच्याच मशीनमध्ये ते आधी शिरलं. तिथून ते मर्स्क या जहाज कंपनीत गेलं आणि बघता बघता आपल्या न्हावा-शेव्याला, जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. एकदा आत शिरल्यावर पसरायला त्याने वॉनाक्रायचंच ते जुनं भोक वापरलं, शिवाय पासवर्ड चोरूनही पसरलं, म्हणजे दुरुस्ती केलेलेही सगळे वाचले नाहीत. दुसरी तारीख १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षेच्या कंपनीची एक सदोष फाइल जगभर एकदम गेली आणि ८५ लाख विंडोज मशीनं नुसती निळी स्क्रीन दाखवत बंद पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते त्याच दिवशी. यात तुमच्या कामाची गोष्ट अशी की ज्या मोठ्या कंपन्यांनी 'आम्हाला नवीन आवृत्ती लगेच नको, एक पाऊल मागे ठेवा' असं मुद्दाम सेट केलं होतं त्यांच्याकडेही ती फाइल गेली, कारण असल्या फायलींना ते सेटिंग लागूच नव्हतं. नंतर त्या कंपनीला कबूल करावं लागलं की यापुढे आम्ही टप्प्याटप्प्याने सोडू आणि कधी घ्यायचं ते गिऱ्हाइकाच्या हातात देऊ. म्हणजे तुम्ही जे मागताय तेच जगातल्या मोठमोठ्या आयटी विभागांनीही मागितलं. तुमची मागणी अडाणी नाही ताई, फक्त तुम्ही 'कधी' मागायच्या ऐवजी 'कधीच नको' वर गेलात.

तर हिशोब असा. वॉनाक्रायच्या वेळी लोकांना दोन महिने मिळाले होते, प्रत्येक वेळी तेवढे मिळत नाहीत, पण नेहमीच्या दुरुस्तीला आठवडाभर थांबलात तर बहुतेक वेळा चालतं, आणि त्या आठवड्यात काही बिघडणार असेल तर ते आधी दुसऱ्यांकडे बिघडून बातमी येते. तुमच्याकडे कुठली सिस्टिम आहे ते तुम्ही लिहिलं नाही, बहुतेक दुकानांत विंडोज असतं म्हणून त्याचंच सांगते. मायक्रोसॉफ्टच्या महिन्याच्या दुरुस्त्या दुसऱ्या मंगळवारी येतात, २००३ पासूनची पद्धत आहे ही, आपल्याकडे तोपर्यंत रात्र झालेली असते म्हणजे बुधवारी सकाळी त्या दारात असतात. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटला गेलात की पॉज असतं, जास्तीत जास्त पाच आठवडे थांबवता येतं. हे कंपनीनेच दिलेलं बटण आहे, त्याला कुठलं टूल लागत नाही. मुहूर्तांच्या गर्दीत ते खुशाल दाबा. मग पुढच्या आठवड्यात तुमची दुकानाची सुट्टी असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी, शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर, फायली कॉपी करून घ्या आणि स्वतःच्या हाताने अपडेट लावा, लगेच एक टेस्ट प्रिंट काढा, बिघडलंच तर दुसरा अख्खा दिवस हातात आहे. तिथेच ॲक्टिव्ह अवर्स म्हणून असतं, त्यात कामाची वेळ सांगायची, अठरा तासांपर्यंत देता येते, त्या वेळात मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही. लग्नसराईत तुम्ही रात्री बारापर्यंत बसता ना, मग सकाळी सात ते रात्री एक द्या की. 'ऑप्शनल' म्हणून जे दिसतं ते, आणि महिन्याच्या शेवटी येणारे प्रिव्ह्यू, यांना हात लावू नका. प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, चालतोय तो चालू द्या.

वर्षाचा जो मोठा अपडेट येतो, ज्यात खरोखर सगळं बदलतं, तो आषाढात घ्या. चातुर्मास लागला, मुहूर्त संपले, दुकान शांत, बसा निवांत दोन दिवस.

एवढ्याला अपवाद दोन. ब्राउझर, म्हणजे क्रोम किंवा फायरफॉक्स, त्याला आठवडाभर थांबायचं नाही, कारण बाहेरचं जग सगळ्यात आधी त्यालाच भेटतं आणि अपडेटला बंद करून उघडण्यापलीकडे काही लागत नाही, चहा ठेवून होतं. आणि कधी पेपरात, बातम्यांत आलं की अमुक भोकातून आत्ताच हल्ले चालू आहेत, सरकारची सर्ट-इन ही संस्था अशा सूचना काढत असते, तर तेव्हाही वाट बघू नका.

मग ते जुनं डिझाइनचं मशीन. तुमच्या पत्रावरून वाटतं की जुने मराठी फाँट आणि जुनं डिझाइन सॉफ्टवेअर असलेलं, मागे त्या सॉफ्टवेअरच्या परवान्याचं लॉक लावलेलं एक मशीन आहे आणि ते सॉफ्टवेअर नवीन सिस्टिमवर चालेल की नाही अशी धास्ती आहे. ही धास्ती मला पूर्ण पटते, हजारो जुन्या फायली त्या फाँटमध्ये आहेत, त्या उघडल्या नाहीत तर सगळंच बसलं. त्या मशीनला नवऱ्याचा नियम लावा, हात लावू नका. पण मग नेटची वायर काढा, वायफाय बंद करा आणि पुन्हा कधी जोडू नका. ज्याला बाहेरचं दारच नाही त्याला कडी कशाला. मेल, व्हॉट्सॲप, फॉर्म, गिऱ्हाइकाचे पेन ड्राइव्ह हे सगळं दुसऱ्या साध्या मशीनवर, जुनं घेतलंत तरी चालेल पण ज्याला अजून दुरुस्त्या मिळतात असं. या दोघांमध्ये ने-आण करायला तुमचा स्वतःचा एकच पेन ड्राइव्ह, त्याला लाल दोरा बांधा, आणि तो आधी दुसऱ्या मशीनवर स्कॅन केल्याशिवाय जुन्यात घालायचा नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

दुसरं मशीन घेताना एक बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरणाऱ्यांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या ठेवल्यात, त्यापुढे नाही. आणि साधारण २०१८ च्या आधीची मशीनं विंडोज ११ घेत नाहीत, म्हणजे चांगलं चालणारं मशीन नुसतं यादीत बसत नाही म्हणून मोडीत निघणार. याचा मला स्वतःला फार राग आहे, गरीब दुकानदाराने दर काही वर्षांनी नवं मशीन कुठून आणायचं. पण तो राग धरून असुरक्षित मशीन नेटला जोडून ठेवलं तर नुकसान कंपनीचं होत नाही, आपलंच होतं.

बॅकअपला दोन डिस्क घ्या, एक या शनिवारी, एक पुढच्या शनिवारी, आणि कॉपी झाली की काढून कपाटात. लावलेली डिस्क हा बॅकअप नव्हे, हे मी एकोणीस दिवस घालवून शिकले. लोकांच्या आधारच्या आणि बाकीच्या स्कॅन प्रिंट दिली की पुसून टाकायच्या, रीसायकल बिनमधूनही. रोज संध्याकाळी गल्ला मोजता तेव्हाच हेही.

आता सासरे. मला तुमच्या पत्रातली ती ओळ सगळ्यात जास्त लागली, त्यांनी वहीत 'खाली डावीकडे निळं बटण, मग दुसरी ओळ' असं लिहून ठेवलंय आणि अपडेटनंतर निळं बटण हिरवं होऊन वर गेलं. तरुण माणसाला हे काहीच वाटत नाही, दोन मिनिटं शोधेल. त्यांनी मात्र ते पाठ केलं होतं, त्या वहीच्या जोरावर ते कोणाच्या पाया न पडता आपली पेन्शन बघत होते, आणि ते एका रात्रीत गेलं. ॲप बनवणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन की असा बदल म्हणजे सुरक्षेलाच भगदाड आहे, कारण बटण सापडलं नाही की माणूस नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो, तिथे भामट्यांनी टाकलेले नंबर असतात, आणि पलीकडचा गोड बोलून ओटीपी काढून घेतो. तरी त्यांच्या फोनवरचे अपडेट बंद ठेवू नका, बँकेची ॲप जुनी झाली की ऐन वेळी चालत नाहीत. प्ले स्टोअरमध्ये आपोआप अपडेट बंद ठेवलंत तरी चालेल, पण मग दर रविवारी तुम्ही त्यांच्याशेजारी बसून अपडेट करा आणि काही हललं असेल तर वहीत नवीन पान लिहून द्या, वर तारीख घालून, जुनं पान फाडून. बँकेच्या पासबुकावरचा किंवा कार्डामागचा कस्टमर केअरचा फोन नंबर त्याच वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहा, आणि खाली १९३०, पैसे गेलेच तर ताबडतोब तक्रार करायचा सरकारी नंबर.

त्यांना आणि दुकानातल्या पोरालाही एक गोष्ट पक्की सांगून ठेवा, अपडेट कधीही मेसेजमधून येत नाही. व्हॉट्सॲपवर 'तुमचं बँक ॲप बंद होणार, ही फाइल टाका' किंवा चलनाच्या नावाने एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकायची, फाइल येते, ती उघडली की फोन गेला दुसऱ्याच्या हातात. खरा अपडेट फक्त सेटिंगमध्ये किंवा प्ले स्टोअरमध्ये, आपण जाऊन बघायचा. पुढचा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेल ते नंतर विचारा, आधी विचारा सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार. गूगल आणि सॅमसंग त्यांच्या काही फोनना सात वर्षं देतात, स्वस्तातल्या बऱ्याच फोनना त्यापेक्षा खूपच कमी मिळतात, दुकानदाराला सांगता आलं नाही तर दुसरा फोन बघा.

आणि ते यूट्यूबवालं टूल, त्याचं आजच बघा. अशी टूलं अपडेट बंद करताना बऱ्याचदा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, तोही बंद करतात, आणि टूल कोणी बनवलं, त्यात आणखी काय घातलं हे तुम्हाला मला कोणालाच माहीत नाही. रात्री दुकान बंद झाल्यावर भाच्याला व्हिडिओ कॉल करा, त्याच्यासमोर ते काढा, डिफेंडर चालू झालाय का ते त्याला बघायला लावा, पूर्ण स्कॅन लावा आणि मग त्याच्याकडूनच पॉज आणि ॲक्टिव्ह अवर्स सेट करून घ्या. त्याला हेही सांगा की त्या वेळी चारशे पत्रिका कशा छापून दिल्यात, मला वाटतं त्याला ते माहीतच नसेल.